विंझरला घर घेताना: पुढच्या खरेदीदाराच्या नजरेने कागद वाचा

पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला उजवीकडे वळले आणि वेल्ह्याची वाट धरली, की थोड्याच वेळात शहर मागे पडते. भातखाचरे, दोन्ही अंगांनी चढत गेलेले डोंगर आणि समोर राजगड-तोरण्याचे दर्शन! याच रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर विंझर हे गाव आहे. सुटीच्या दिवशी या वाटेने जाणाऱ्या पुणेकराला गडांइतकेच आणखी एक दृश्य परिचयाचे झाले आहे. ते म्हणजे रस्त्याच्या कडेला उभे असलेले जमीनविक्रीचे फलक. 'गडाचे दर्शन घडवणारे भूखंड', 'गुंठ्याने जमीन', 'सुलभ हप्ते' अशी त्यांची भाषा असते. घाट चढताना जो माणूस केवळ पर्यटक असतो, तो परत येताना अनेकदा मनातल्या मनात गुंतवणूकदार झालेला असतो.

वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. २०११च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली आणि २०२५ मध्ये ते नाव अधिकृत झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात राजगडाचाही समावेश आहे. गावाचे नाव चर्चेत आले की जमिनीचा भाव चर्चेत येतो. अशा वेळी 'आज घ्या, दोन वर्षांत दुप्पट' हा सल्ला फुकट मिळतो. तो ऐकण्यापूर्वी नवख्या गुंतवणूकदाराने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: मी जे घेणार आहे ते उद्या माझ्याकडून कोण घेईल, आणि तो माझ्याकडे कोणता कागद मागेल?

सोने सराफाकडे आणि समभाग बाजारात केव्हाही विकता येतात. घराचे आणि जमिनीचे तसे नाही. जे पुन्हा निर्वेधपणे विकता येत नाही, ती हौस असू शकेल; गुंतवणूक नव्हे. म्हणून पुढील प्रत्येक मुद्दा आजच्या खरेदीदाराबरोबरच उद्याच्या खरेदीदाराच्या दृष्टीनेही पाहू.

एकाच रस्त्यावर तीन वेगळ्या वस्तू

विंझरसारख्या गावात 'जागा आहे' असे सांगणारा माणूस तीन निरनिराळ्या वस्तूंपैकी कोणतीही एक विकत असतो: शेतजमीन, बिनशेती भूखंड किंवा गावठाणातील जुने घर. तिन्हींचे कायदे वेगळे, कागद वेगळे आणि पुढे विकण्याची सोयही वेगळी. दर गुंठ्याचा भाव विचारण्याआधी यांपैकी नेमके काय विकले जात आहे, हे विचारणे आवश्यक आहे.

शेतजमीन: दोन कायद्यांचे कुंपण

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. शहरातील ज्या वाचकाच्या किंवा ज्याच्या वाडवडिलांच्या नावे राज्यात कोठेही शेती नाही, त्याच्यासाठी हे दार सहसा बंदच असते. 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो' असे सांगणारा मध्यस्थ भेटल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि मध्यस्थाची दलाली त्याआधीच चुकती झालेली असते.

दुसरे कुंपण तुकडेबंदीचे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमाने जमिनीचे ठराविक प्रमाणक्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास प्रतिबंध केला आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाणक्षेत्र जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायत जमिनीसाठी १० गुंठे असे ठरवले. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा शेतजमिनीतून दोन-तीन गुंठ्यांचा 'भूखंड' मोजून देणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने तुकडाच विकत असतो.

यातून पळवाट म्हणून एक पद्धत रूढ झाली. वीस गुंठ्यांचा एक गट दहा अनोळखी माणसांना मिळून विकायचा आणि दहाही नावे सातबाऱ्यावर सामाईक चढवायची. प्रत्यक्ष जागेवर चुन्याच्या रेघा आखून 'हा तुमचा, तो त्यांचा' असे दाखवले जाते. कागदावर मात्र त्या रेघांना अस्तित्व नसते. उद्या यांपैकी एकाला विकायचे झाले, तर त्याला फक्त अविभक्त हिस्सा विकता येतो. वाटणी मागावी तर पुन्हा तुकडेबंदी आड येते. इतर नऊ जणांपैकी एखाद्याने हिश्श्यावर कर्ज काढले, एखादा वारला, एखादा परदेशी गेला, की सगळ्यांचाच व्यवहार अडतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जुने तुकडे बाजारमूल्याच्या पाच टक्के रक्कम भरून नियमित करण्याची तरतूद झाली. २०२५ मध्ये शासनाने निवासी, वाणिज्यिक अशा विभागांतील जुन्या तुकड्यांना विनाशुल्क दिलासा दिला. परंतु ही सवलत पूर्वी झालेल्या व्यवहारांना आणि ठराविक विभागांना आहे. शेती विभागात आज नवा तुकडा घेणाऱ्याने 'पुढे नियमित होईलच' या आशेवर पैसे गुंतवणे म्हणजे शासनाच्या भावी निर्णयावर पैज लावणे होय.

सातबारा असा वाचावा

सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्रित दस्त. पहिल्यात धारकाचे नाव, क्षेत्र आणि अधिकार असतात, तर दुसऱ्यात पिकांची नोंद. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता महाभूमी संकेतस्थळावर अल्प शुल्कात मिळतो. विक्रेत्याने दिलेल्या छायाप्रतीवर विसंबून न राहता तो स्वतः काढावा आणि पुढील नोंदी सावकाश पाहाव्यात.

पहिली नोंद भोगवटादाराच्या वर्गाची. वर्ग १ म्हणजे हस्तांतरणावर सर्वसाधारण निर्बंध नाहीत. वर्ग २ म्हणजे शासनाने अटींवर दिलेली जमीन. पूर्वपरवानगी आणि नजराण्याशिवाय तिची विक्री होत नाही. इनाम, वतन आणि देवस्थानच्या जमिनींचा इतिहास तर वकिलाकडूनच तपासून घ्यावा. कुळकायद्याने कुळाला मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे निर्बंध असतात. कुळाने जमीन विकत घेतल्याला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती शेतकऱ्याला विकण्याची सवलत २०१४ च्या सुधारणेने दिली. पण नजराणा भरल्याचे चलन आणि त्याचा फेरफार प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा रकाना 'इतर हक्कां'चा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, न्यायालयीन दावा हे सारे येथे दिसते. धरणांच्या लाभक्षेत्रातील जमिनींवर पुनर्वसन कायद्यानुसार हस्तांतरणबंदीचा शेराही असू शकतो. वेल्हे तालुक्यात गुंजवणीसारखा प्रकल्प असल्याने या भागात तो आवर्जून शोधावा.

तिसरी गोष्ट फेरफारांची. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी निर्माण झाली हे गाव नमुना सहामधील फेरफारांतून उलगडते. खरेदी, वारस, वाटणी, हक्कसोड अशा प्रत्येक नोंदीचा क्रमांक उताऱ्यावर असतो. साखळीतील एखादा दुवा गळाला असेल, तर उद्याचा खरेदीदार किंवा त्याची बँक नेमके तेथेच बोट ठेवते. किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घेण्याची आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे. हा खर्च वाचवणे हे या धंद्यातील सर्वांत महाग काटकसरीचे उदाहरण ठरते.

शेवटी वाट. डोंगरउतारावरील अनेक गटांना नकाशावर रस्ता नसतो. 'शेजारी आपलेच आहेत, जायला देतात' हे आजचे वचन शेजाऱ्याची जमीन विकली गेली की संपते. गटाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा आणि शक्य असल्यास खरेदीपूर्वी शासकीय मोजणी करून घ्यावी.

सही कोणाकोणाची?

मावळपट्ट्यातील जमिनी बहुधा वडिलोपार्जित आहेत. सातबाऱ्यावर भावांचीच नावे असली, तरी हक्क तेवढ्यांचाच असेल असे नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला: सुधारणा लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा की विक्रेत्याच्या बहिणी, आत्या आणि दिवंगत भावाची पत्नी यांची विचारपूस केल्याशिवाय खरेदी पूर्ण होत नाही. त्यांनी हक्क सोडला असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. अन्यथा खरेदीखतावर त्यांची सही घ्यावी आणि मोबदल्यातील त्यांचा हिस्सा त्यांच्याच खात्यात जमा करावा. 'ताई काही बोलणार नाहीत' या आश्वासनावर झालेल्या खरेद्या पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात पडून राहतात. ही केवळ सावधगिरी नाही. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईच्या वाट्याची जमीन तिच्या नकळत आपल्या फायद्यासाठी विकली जाऊ नये, हेही पाहणे आपले कर्तव्य ठरते.

नोटरीसमोर केलेला करार, विसारपावती किंवा कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ही बाब निःसंदिग्धपणे सांगितली. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. त्यानंतर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटिसा जातात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. आपले नाव उताऱ्यावर आल्याचे डोळ्यांनी पाहावे, मगच व्यवहार संपला असे समजावे.

बिनशेती भूखंड: फलक आणि मंजुरी यांतील अंतर

शेतकरी नसलेल्या वाचकासाठी बिनशेती भूखंड हा सरळ मार्ग. पण 'बिनशेती प्रस्तावित' आणि 'बिनशेती' या दोन शब्दांत अनेकांची पुंजी अडकली आहे. भूखंड ज्या रेखांकनातला आहे, ते सक्षम प्राधिकरणाने अंतिम मंजूर केलेले असावे आणि भूखंडाचा स्वतंत्र उतारा असावा. भोर आणि वेल्हे या तालुक्यांचा काही भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजेच पीएमआरडीएच्या हद्दीत येतो. तेव्हा आपला गट कोणाच्या अखत्यारीत आहे आणि तो निवासी, शेती, वन की डोंगरउतार यांपैकी कोणत्या विभागात आहे, हे झोन दाखल्यावरून निश्चित करावे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केला. त्यातील गावांची यादीही पाहून ठेवावी.

स्थावर संपदा अधिनियमाखाली महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील भूखंड प्रकल्पालाही नोंदणी बंधनकारक आहे. ती केवळ इमारतींपुरती नाही. प्रकल्पाचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की जमिनीची मालकी, मंजुऱ्या, दावे आणि पूर्णत्वाची तारीख पाहता येते. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. मध्यस्थाचीही नोंदणी आवश्यक आहे. ज्या फलकावर महारेराचा क्रमांक नाही, त्याची केवळ छायाचित्रे पाहावीत. पैसे देऊ नयेत.

'वर्तुळाकार रस्ता येतोय' हेही विक्रीचे नेहमीचे वाक्य. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या पुणे वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिम भाग भोर तालुक्यात सातारा रस्त्याला येऊन मिळणार आहे. पण तेथून विंझर बरेच आत आहे. रस्ता झाल्याने प्रवास सुकर होईल. भूखंडाच्या कागदातील दोष मात्र कोणताही रस्ता दुरुस्त करत नाही.

गावठाणातील जुने घर

अमेरिकेत जुने घर स्वस्तात घेऊन, डागडुजी करून, थोड्या अवधीत नफ्याने विकण्याला 'फ्लिपिंग' म्हणतात. तेथील दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी ही कल्पना आपल्याकडेही लोकप्रिय केली. विंझरमध्ये तिच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे गावठाणातील कौलारू घर. ते घेण्यासाठी शेतकरी असावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. अडचण वेगळीच आहे. गावठाणाला सातबारा नसतो. विक्रेता दाखवतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि तो घरपट्टी आकारण्यासाठी ठेवलेला कागद असल्याने मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी गावठाणांचे ड्रोनने भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. त्याचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला आणि २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजनेद्वारे तो देशभर नेला. ज्या घराची मिळकत पत्रिका विक्रेत्याच्या नावे आहे आणि जिच्यावरील क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीशी जुळते, त्याच घराचा विचार करावा. पत्रिका नसेल, तर ती होईपर्यंत थांबावे. बँका कर्ज देताना हाच कागद मागतात. आणि ज्या घरावर कर्ज मिळत नाही, त्याला पुढचा खरेदीदार रोख पैसेवालाच शोधावा लागतो.

घराची पाहणी उन्हाळ्यात नव्हे, आषाढात करावी. वेल्हे हा अतिपावसाचा मुलूख. कौलांखालचे वासे, भिंतीच्या पायथ्याची ओल, परसातून येणारा पाण्याचा लोंढा हे सारे पावसातच बोलू लागते. त्याउलट पाण्याचा प्रश्न मेमध्ये तपासावा, कारण पावसाळ्यात तुडुंब असलेली विहीर वैशाखात तळ गाठते. वीजजोडणी कोणाच्या नावे आहे, सांडपाणी कोठे जाते, भिंत सामाईक आहे का, हे शेजाऱ्यांना विचारावे. दुरुस्ती किरकोळ असेल तर ठीक. बांधकाम वाढवायचे किंवा नव्याने करायचे झाल्यास हद्दीनुसार रीतसर परवानगी लागते.

डोंगर कापून सपाटी केलेल्या भूखंडांबाबत तर अधिकच सावध असावे. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक जीव गेले. उतारावरची झाडे, ओढ्याचा नैसर्गिक प्रवाह आणि मातीचा थर यांच्याशी खेळ करून उभे राहिलेले 'निसर्गरम्य' घर घेणे म्हणजे केवळ पैशाचा धोका नव्हे.

हिशेब: दुप्पट म्हणजे किती?

आता आकड्यांकडे वळू. पुढील उदाहरण काल्पनिक आहे. केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून दिले आहे.

समजा, गावठाणातील घर १२ लाख रुपयांना घेतले. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि दलाली मिळून १ लाख गेले. छप्पर, शौचालय, वायरिंग, पाण्याची टाकी यांवर ६ लाख खर्च झाले. एकूण गुंतवणूक १९ लाख. दीड वर्षाने घर २४ लाखांना विकले. गावात बोलबाला होतो, '१२ चे २४ झाले!'

प्रत्यक्षात काय होते? विक्रीची दोन टक्के दलाली ४८ हजार, म्हणून हाती येतात २३ लाख ५२ हजार. १९ लाख वजा जाता उरतात ४ लाख ५२ हजार. दीड वर्षातील घरपट्टी, वीज, राखण आणि जाण्यायेण्याचे ५० हजार धरा. हेच १९ लाख सात टक्क्यांनी बँकेत असते, तर सुमारे २ लाख व्याज मिळाले असते, तेही वजा करा. उरले २ लाख २ हजार. मिळकत चोवीस महिन्यांच्या आत विकल्याने नफा अल्पकालीन ठरतो आणि नेहमीच्या दराने करपात्र होतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला ४ लाख ५२ हजारांवर उपकरासह सुमारे १ लाख ४१ हजार कर पडेल. हाती राहिले साठ हजारांच्या आसपास. पत्र्याऐवजी कौले घातली, किंवा घर आणखी सहा महिने विकले गेले नाही, तर तेही गेले.

मग चोवीस महिने ओलांडून विकावे का? तसे केल्यास नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साडेबारा टक्के दराने कर सुमारे ५९ हजारांवर येतो. ८२ हजार वाचले खरे. पण सहा महिन्यांचे बुडालेले व्याजच ६६ हजारांवर जाते. थोडक्यात, कर वाचवण्यासाठी थांबणे हे नेहमीच फायद्याचे असते असे नाही. दुरुस्तीची पक्की बिले मात्र जपावीत. बिल नसलेला खर्च कराच्या हिशेबात धरला जात नाही.

आणखी काही बाबी लक्षात ठेवाव्यात. नोंदणी शुल्क किमतीच्या एक टक्का, कमाल ३० हजार रुपये असते. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत आणि महापालिका हद्दीत वेगळा असतो. व्यवहाराची किंमत शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यापेक्षा बरीच कमी दाखवली, तर मुद्रांक तक्त्यानुसारच भरावा लागतो. शिवाय तफावत ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास खरेदीदार आणि विक्रेता या दोघांवरही आयकराचा बोजा येऊ शकतो. रोखीने 'वरचे' पैसे देणाऱ्याची पुढील विक्रीत आणखी कोंडी होते. त्याचा खर्च कागदावर नसल्याने नफा फुगलेला दिसतो आणि कर वाढतो. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफा कर नाही हे खरे. पण वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याचे उत्पन्न धंद्याचे मानले जाऊ शकते.

पहिला धडा शहरातच

यावरून नवशिक्याने घरांत पैसे गुंतवूच नयेत, असा अर्थ काढू नये. ज्याला घर घेऊन, सुधारून विकण्याची विद्या शिकायची आहे, त्याने पहिला धडा स्वतःच्या परिसरातील गृहनिर्माण सोसायटीतील जुन्या सदनिकेवर गिरवावा. तेथे भाव काय चालू आहे हे शेजारच्या व्यवहारांवरून कळते, भागपत्र आणि नोंदणीकृत करारांची साखळी तपासणे सोपे असते, बँक कर्ज देते आणि गवंडी-प्लंबर हाताशी असतात. सोसायटीच्या हस्तांतरण शुल्कालाही २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. विकासकाकडून गुंतवणूकदार म्हणून सदनिका घेऊन तीन वर्षांच्या आत पुढे विकल्यास आधी भरलेले मुद्रांक शुल्क नव्या शुल्कात वळते करून घेण्याची सवलतही कायद्यात आहे. २०२२ पूर्वी ही मुदत एकच वर्ष होती. तसा उल्लेख मूळ करारात हवा. महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सूट मिळते. ते घर पुरुष खरेदीदारास पंधरा वर्षे न विकण्याची जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

शहरातील एका व्यवहारात कागद, दुरुस्ती आणि कर या तिन्हींचा अनुभव घेतल्यानंतर विंझरच्या वाटेला जावे. घाई करण्याचे कारण नाही.

विसार देण्यापूर्वी

थोडक्यात, पैसे देण्याआधी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात: ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, खाते उतारा ८ अ, सर्व फेरफार, तीस वर्षांचा शोध अहवाल, गटाचा नकाशा आणि रस्त्याचा पुरावा, झोन दाखला, मंजूर रेखांकन आणि महारेरा क्रमांक, सर्व वारसांची संमती, घरपट्टी व वीजबिलाची थकबाकी, आणि एक भेट पावसाळ्यात, एक उन्हाळ्यात. यांपैकी एखादी गोष्ट 'नंतर देतो' असे सांगितले गेले, तर विसारही नंतरच द्यावा.

शेवटी एक गोष्ट. आपण ज्याला गुंतवणूक म्हणतो, ती समोरच्या शेतकऱ्याच्या घरातील बहुधा शेवटची जमीन असते. मुलीचे लग्न, दवाखाना, मुलाचे शिक्षण अशा कारणांनी ती विकायला निघालेली असते. कागद नीट तपासून, पूर्ण किंमत बँकेतून देऊन आणि घरातील प्रत्येक हक्कदाराला विचारून केलेल्या खरेदीत त्या घराचेही रक्षण असते आणि आपल्याही पैशाचे. राजगड-तोरणा कोठेही जाणार नाहीत. कागद पुरे होईपर्यंत आपणही थांबण्यास हरकत नाही.